वरचं वाक्य, आतलं उत्तर

आमच्या निपाणीच्या घरी इंग्रजी पेपर यायचा तो आण्णांच्या वखारीसाठी. तंबाखूचे भाव, सरकारी जाहिराती, कोर्टाच्या नोटिसा एवढं बघून झालं की दुपारी तो माजघरात यायचा आणि रद्दीत जायच्या आधी तासभर आक्काच्या ताब्यात असायचा. आक्का म्हणजे आण्णांची बहीण, माझी आत्या. पण लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणायचे. बाविसाव्या वर्षी माहेरी आली ती परत गेली नाही. शिक्षण जुनी मॅट्रिक. हातात शिसपेन्सिल, मांडीवर पाठ निखळलेला शब्दकोश, आणि पुढ्यात आतल्या पानावरचं ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कोडं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून चारला चूल पेटायची. तोवर जेवढं सुटेल तेवढं.

कॉलेजात गेल्यावर इंग्रजीच्या एका सरांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमची आत्या क्रॉसवर्ड सोडवते. सर हसले. "साधं असेल," म्हणाले, "ते क्रिप्टिक नावाचं असतं ते आपल्यासारख्यांचं काम नव्हे. त्याला इंग्रजी आईच्या दुधातून यावं लागतं." आक्का सोडवायची ते क्रिप्टिकच होतं. पण हे सांगायला तेव्हा मला तोंड नव्हतं. पुढं बऱ्याच वर्षांनी या कोड्यांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं, सरांचं म्हणणं 1926 सालापुरतं बरोबर होतं आणि 1966 नंतर चूक. या चाळीस वर्षांत काय बदललं ते सांगायला हा लेख.

आधी क्रिप्टिक म्हणजे काय ते बघू. आपल्या मराठी पेपरातलं शब्दकोडं सरळ असतं. 'कमळ' हवं असेल तर 'चिखलात उगवणारं फूल' असं विचारतात. येतं तर येतं, नाही तर नाही. क्रिप्टिकमधला क्लू हे एक दिसायला साधं वाक्य असतं, पण त्याचे दोन तुकडे असतात. एका तुकड्यात उत्तराचा सरळ अर्थ. तो वाक्याच्या अगदी सुरुवातीला असतो किंवा अगदी शेवटी, मध्ये कधी नाही. उरलेल्या तुकड्यात तेच उत्तर अक्षरांच्या खटपटीतून तयार करायची कृती. दोन्ही वाटांनी गेलं आणि एकाच शब्दावर पोचलं की उत्तर पक्कं. शेवटी कंसात किती अक्षरं ते सांगितलेलं असतं. आणि हे दोन तुकडे कुठं जोडलेत ते दिसू नये म्हणून वरून अशी काही गोष्ट रचलेली असते की वाचणारीचं मन भलतीकडंच जावं.

इंग्रजीतली काही जुनी उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत. 'फ्लॉवर ऑफ लंडन', सहा अक्षरं. लंडनचं फूल कुठलं म्हणून डोकं खाजवत बसावं, आणि उत्तर निघतं थेम्स नदी. 'फ्लो' म्हणजे वाहणं, वाहणारी ती फ्लॉवर! दुसरा क्लू नुसता 'जी, ई, जी, एस' या चार अक्षरांचा. उत्तर दोन शब्दांत, नऊ अक्षरं आणि चार. 'एग्ज' या शब्दाची अक्षरं विस्कटलेली आहेत, म्हणून उत्तर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज'. (आमच्या घरात या उत्तरावर आक्कानं कानाला हात लावला होता, पण लिहिलं.) तिसरा त्याहून गंमतीचा: 'एच'पासून 'ओ'पर्यंतची अक्षरं ओळीनं लिहिलेली, उत्तर पाच अक्षरी. एच टू ओ. पाणी!

पण खरी समज येते ती आपल्या भाषेत करून बघितल्यावर. माझ्या सुट्टीत आक्का आणि मी मराठीत क्लू करायचो. मराठी चौकटीत एबीसीसारखी सुटी अक्षरं न बसता काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 'साखर' म्हणजे तीन घरं: सा, ख, र.

'ठसा खरवडला, आत गोडी (3)'. यात काही करायचंच नाही, नुसतं नीट वाचायचं. 'आत' म्हटलंय ना, मग आत बघा: ठ-सा-ख-र-व-ड-ला. मधे साखर बसलेली आहे. इंग्रजीत याला दडलेल्या शब्दाचा क्लू म्हणतात. सर्वांत सोपा, आणि सोपा असूनही सर्वांत शेवटी सापडणारा, कारण डोळा शब्दाशब्दांतल्या मोकळ्या जागेपाशी थांबतो.

'नदी उलटली की गरीब (2)'. नदी उलटी लिहा: दीन. कृष्णा-वेदगंगेच्या काठच्या माणसाला हे वाक्य वरवरसुद्धा खोटं वाटणार नाही. 'गडबडलेल्या कमलची लेखणी (3)' यात 'गडबडलेल्या' ही खूण. कमल या नावाची अक्षरं हलवायची, की कलम. 'मानेला संपत्ती जोडली, लेखिकेला कधीमधी मिळतं (4)' हा जोडाजोडीचा प्रकार: मान आणि धन, मानधन. (हा माझा. अनुभवाचा.) 'हरणारीच्या वाट्याला येते, जिंकणारीच्या गळ्यात पडतो (2)' यात कृती काहीच नाही, दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवलेत: हार.

आक्काचा सगळ्यांत चांगला म्हणून मी जपून ठेवलेला हा: 'आणि काळ्याच्या पोटात पक्षी (3)'. पहिल्यांदा मी काळ्या मांजराच्या मागं लागले. मांजरानं चिमणी खाल्ली असेल असं काहीतरी. ती शांतपणे म्हणाली, "पहिला शब्द वाचलास का?" 'आणि' म्हणजे 'व'. 'काळा'च्या पोटात 'व' घाला: का-व-ळा. त्या वाक्यात एक शब्द फुकट नाही. 'आणि'सारखा, ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही असा शब्दसुद्धा तिथं काम करत होता.

मराठीत एक प्रकार मात्र फारसा चालत नाही, ऐकायला सारख्या शब्दांचा. इंग्रजीत 'पेअर' म्हटलं की फळ, जोडी, आणि साल काढणं. तिन्हींचं लिहिणं वेगळं. आपण बोलतो तसं लिहितो, त्यामुळं आपल्याला फार तर दिन-दीन, सुत-सूत एवढंच खेळायला मिळतं.

आता इतिहास. शब्दकोड्याचा जन्म न्यूयॉर्कचा. 21 डिसेंबर 1913 च्या रविवारी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरच्या करमणुकीच्या पुरवणीत आर्थर विन यानं शंकरपाळीच्या आकाराचं एक कोडं छापलं. माणूस मूळचा इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. कोड्याचं नाव 'वर्ड-क्रॉस'. पुढं ते उलटलं आणि 'क्रॉसवर्ड' झालं. लोकांना आवडलं, पण पेपरवाल्यांना ते गळ्यातलं लोढणं वाटायचं. चुका व्हायच्या, अंक चुकायचे, वाचक पत्रं लिहून भंडावून सोडायचे. शेवटी हे काम एका तरुण सेक्रेटरी बाईंच्या टेबलावर येऊन पडलं, कुणालाच नको असलेली कामं जशी पडतात तशी. त्यांचं नाव मार्गारेट पेथरब्रिज. त्याही सुरुवातीला दिसायला बरं असेल ते कोडं उचलून छापायला पाठवायच्या. एका सहकाऱ्यानं चुकांवरून फार टोचलं तेव्हा एक दिवस स्वतः सोडवायला बसल्या, आणि आपण लोकांना काय खाऊ घालतोय ते कळलं. त्यानंतर शब्दकोशावर हात ठेवून शपथ घेतली, असं त्यांनीच पुढं सांगितलंय. आकृती दोन्ही बाजूंनी सारखी हवी, दोन अक्षरी शब्द नकोत, प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांत यायला हवं, हे अमेरिकन कोड्याचे नियम त्यांनी बसवले.

1924 मध्ये रिचर्ड सायमन आणि मॅक्स शुस्टर हे दोघे तरुण प्रकाशनाच्या धंद्यात उतरत होते. सायमनच्या नात्यातल्या एका बाईंनी विचारलं, या कोड्यांचं पुस्तक मिळतं का रे? (इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या 'आँट', त्यामुळं नक्की कोण ते इंग्रजीलाच ठाऊक.) मिळत नव्हतं. मग त्यांनीच काढलं, मार्गारेटबाई आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांकडून करवून घेऊन. हसं होईल या भीतीनं कंपनीचं खरं नावसुद्धा घातलं नाही. वेगळ्याच नावानं 3,600 प्रती छापल्या आणि प्रत्येक पुस्तकाला एक पेन्सिल बांधून दिली. त्या पुस्तकावर 'सायमन अँड शुस्टर' उभी राहिली. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'नं या वेडाला पापासमान वेळखाऊ धंदा ठरवून झोडपलं होतं. अठरा वर्षांनी, 15 फेब्रुवारी 1942 ला, त्याच टाइम्सनं स्वतःचं कोडं सुरू केलं आणि ते सांभाळायला याच बाईंना बोलावलं. तोवर त्या लग्न होऊन मार्गारेट फरार झाल्या होत्या. 1969 पर्यंत ते काम त्यांच्याकडं होतं.

हे वेड समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचलं आणि तिथं त्याचं रूप पालटलं. 'डेली टेलिग्राफ'मध्ये 1925 च्या जुलैत कोडं सुरू झालं. 'टाइम्स'नं 1 फेब्रुवारी 1930 पर्यंत दम धरला. त्यांचं पहिलं कोडं रचणारा एड्रियन बेल हा सफकमधला शेतकरी लेखक, त्यानं तोवर एकही कोडं रचलेलं नव्हतं आणि हातात दहा दिवस होते. इंग्लिश चौकटीत काळी घरं जास्त. शब्दातली निम्मीअर्धी अक्षरंच दुसऱ्या शब्दाशी गाठ घेतात, बाकीची लटकती. म्हणजे शेजारच्या शब्दांची मदत कमी. मग ती मदत क्लूनंच करायला हवी. एकाच उत्तराकडं दोन वाटा काढणारा क्लू तिथं गरजेचा झाला, असं मला वाटतं.

पण ही सोय म्हणून सुरू झालेली नाही. सुरुवात झाली ती दुसऱ्याला पेचात पकडण्याच्या हौसेतून. एडवर्ड पॉविस मॅथर्स हा लंडनचा कवी-अनुवादक. त्यानं 1925 मध्ये नुसत्या आडवळणाच्या क्लूंची कोडी सुरू केली आणि 1926 पासून 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पेपरात तो ती देऊ लागला. सही करायचा 'टॉर्केमाडा' नावानं. टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमधल्या धर्मचौकशीचा पंधराव्या शतकातला क्रूर मुख्य अधिकारी. नावातच हेतू कळतो. मॅथर्स मरेपर्यंत, म्हणजे 1939 पर्यंत, ही छळवणूक चालू होती. त्याच्या क्लूंना नियम असा नव्हता. कधी कृती असायची, कधी नुसती एखाद्या कवितेची आठवण, कधी अर्थ सांगणारा तुकडाच गायब. त्याच्या कपाटातली पुस्तकं तुमच्याही कपाटात असतील तरच सुटणार. सर म्हणत होते ते याबाबतीत शंभर टक्के खरं होतं. 1934 मध्ये त्यानं एक खुनाची गोष्ट लिहिली, 'केन्स जॉबोन', शंभर पानांची, आणि पानं मुद्दाम उलटीसुलटी लावून छापली. वाचकानं ती क्रमानं लावायची. ती बरोबर लावणारे फार थोडे निघाले.

या मॅथर्सविषयी दोन गोष्टी मला थांबून सांगायच्यात.

एक, त्याच्या कोड्यातलं निम्मं काम त्याच्या बायकोचं होतं. शब्दांची यादी तो करायचा. ते शब्द एकमेकांत अडकतील असे आकृतीत बसवायचे काम रोझमंडचं. ज्यांनी कधी अशी चौकट भरून बघितली नाही त्यांना कल्पना येणार नाही. क्लू सुचणं ही हौसेची गोष्ट आहे, पण चौदावा शब्द बसेना म्हणून आधीचे नऊ खोडून पुन्हा पहिल्यापासून मांडणं, हे पापडाच्या पिठासारखं काम. सही मात्र एकट्या टॉर्केमाडाची.

दुसरी गोष्ट आपल्या मुलखाची. 1919 मध्ये, कोड्यांच्या नादाला लागायच्या आधी, मॅथर्सचं एक छोटं पुस्तक निघालं होतं, 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स'. काळे झेंडू. ते बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चं मोकळं इंग्रजी रूपांतर. बिल्हण मूळचा काश्मीरचा, पण भटकत भटकत दक्षिणेत आला आणि कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारी विद्यापती झाला. ती कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, जिथं आमच्या पाहुण्यांची निम्मी लग्नं झाली. पुढं जॉन स्टाइनबेकनं 'कॅनरी रो' या कादंबरीत त्या रूपांतरातल्या ओळी वापरल्या. इंग्लंडला सगळ्यांत अवघड कोडी घालणारा माणूस आधी आपल्या दरबारी कवीच्या दारात बसून गेला होता, हे आक्काला सांगायला हवं होतं. मला ते फार उशिरा कळलं.

मॅथर्सनंतर ऑब्झर्व्हरची ती जागा आली डेरिक सॉमरसेट मॅकनट या शिक्षकाकडं. ससेक्समधल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाच्या शाळेत तो लॅटिन-ग्रीक शिकवायचा. यानंही स्पेनच्या त्याच खात्यातल्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं, 'झिमेनेस'. नाव छळणाऱ्याचं, पण वृत्ती मास्तराची. क्लू नीट तपासायचा, वाचकांनी केलेले क्लू मागवायचा, कुठला बरोबर आणि कुठला का चूक ते छापून सांगायचा. वर्षानुवर्षं. त्याच्याही आधी 'आफ्रिट' या नावानं कोडी घालणाऱ्या ए. एफ. रिची यानं 1949 च्या आपल्या पुस्तकात एक दंडक घालून दिला होता. त्याचा आशय असा: कोडं घालणाऱ्यानं वरवर जे बोललं ते त्याच्या मनात असलंच पाहिजे असं नाही; पण जे मनात आहे ते त्यानं शब्दाशब्दानं बोललेलं असलंच पाहिजे. झिमेनेसनं 1966 मध्ये कोड्याच्या कलेवर अख्खं पुस्तक लिहून तो दंडक पक्का केला. क्लूमध्ये उत्तराचा नेमका अर्थ हवा, अक्षरांची प्रामाणिक कृती हवी, आणि त्याखेरीज एकही जादा शब्द नको.

'गडबडलेल्या कमलची लेखणी' हा क्लू बघा. यातून 'गडबडलेल्या' काढून टाकलं तर उरतं 'कमलची लेखणी'. टॉर्केमाडानं कदाचित तेवढंच ठेवलं असतं; समजलं तर समजलं. झिमेनेस म्हणेल, अक्षरं हलवायची आहेत हे वाचकाला सांगितलं कुठं? फसवा, पण खोटं बोलू नका, आणि सांगायचं राहूनही देऊ नका.

हा बदल दिसायला व्याकरणाचा आहे, पण त्यानं दार उघडलं. उत्तराला लागणारं जवळजवळ सगळं आता वाक्यातच असायला लागलं. मग दुधातून आलेलं इंग्रजी नसलं, कपाटात त्यांचे कवी नसले, तरी चालतं. शब्दकोश हवा आणि चिकाटी हवी. किंबहुना भाषा बाहेरून शिकलेल्या माणसाला थोडा फायदाच होतो. घरच्या भाषेत आपण शब्द गिळत, अंदाजानं पुढं जातो. आक्का इंग्रजी वाक्य एकेक शब्द बोटानं दाबत वाचायची, त्यामुळं 'आणि' तिच्या हातून निसटत नसे.

सगळं दार उघडलं असंही म्हणवत नाही. अजून त्यात क्लबातल्या खुणा आहेत. 'गनर्स' म्हटलं की आर-ए, 'मेन' म्हटलं की ओ-आर; सैन्यातल्या पदव्या, क्रिकेटमधल्या धावा, बोर्डिंग शाळेतले हुद्दे. हे पाठच करावं लागतं. आक्कानं वखारीच्या जुन्या हिशेबवहीच्या मागं अशी दीडेकशे आडनावं-टोपणनावं लिहून काढली होती. पण त्याच क्लबात आपलेही शब्द जाऊन बसलेत. सारी, राणी, घाट, आया. अडचणीच्या कोपऱ्यात दोन स्वर सलग आले की इंग्रज आपल्याकडंच हात पसरतो. 'आया' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या बोटीतून आपल्याकडं आला आणि इंग्रजांच्या चौकटीत भारतीय म्हणून जाऊन बसला. आणि आपल्याकडंही कोडी घालणारे निघाले. 'द हिंदू'साठी क्रॉसवर्ड रचण्याचं काम निवृत्तीनंतर अ‍ॅडमिरल रामदास कटारी करत असत. भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख!

लोक विचारतात, याचा उपयोग काय. युद्धातली उदाहरणं सांगायची पद्धत आहे, तर मीही सांगते. 1942 च्या जानेवारीत टेलिग्राफनं वाचकांना आपल्या कचेरीत बोलावून बारा मिनिटांत कोडं सोडवायचं आव्हान दिलं. त्यातल्या काहींना पुढं ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश फोडायच्या कामावर बोलावणं आलं. तिथं काम करणाऱ्यांत चारात तीन बाया होत्या. त्यातली एकोणीस-वीस वर्षांची मेव्हिस लिव्हर. इटालियन नौदलाचा एक लांबलचक संदेश बघताना तिच्या ध्यानात आलं, यात 'एल' हे अक्षर एकदाही नाही. ते यंत्र कुठलंही अक्षर त्याच अक्षरात बदलत नसे. म्हणजे पलीकडल्या आळशी माणसानं चाचणीचा संदेश म्हणून नुसतं 'एल'चं बटण दाबत बसून वेळ काढला होता! जे नाही ते दिसणं. हे कोडं सोडवणारीचंच डोकं.

उलटही झालं. 1944 च्या मे महिन्यात त्याच टेलिग्राफच्या कोड्यांत उत्तरं येऊ लागली: यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, आणि 1 जूनला नेपच्यून. सगळी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या चढाईतली सांकेतिक नावं, आणि चढाई ठरलेली जूनच्या पहिल्या आठवड्यात. कोडी रचणारे लिओनार्ड डॉ हे हेडमास्तर. गुप्तचर खात्याचे लोक घरी येऊन उलटतपासणी करून गेले, हाती काही लागलं नाही. चाळीस वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, सर आम्हा पोरांना शब्द सुचवायला सांगायचे आणि आम्ही छावणीतल्या सैनिकांकडून ऐकलेले शब्द देत होतो.

आता शेवटचं, घरचं. विषापहार स्तोत्र आपल्यातल्या बऱ्याच जणींना येतं. ते रचणारे कवी धनंजय. त्यांचीच नाममाला, समानार्थी शब्दांची. आणि त्यांचंच 'द्विसंधान' काव्य, अठरा सर्गांचं, ज्यातला श्लोक एका बाजूनं वाचला की रामकथा आणि दुसऱ्या बाजूनं वाचला की पांडवांची. पुढं 1592 मध्ये समयसुंदर या साधूंनी 'राजे सुख देतात' अशा अर्थाचं आठ अक्षरांचं एक संस्कृत वाक्य घेतलं आणि त्याचे आठ लाख अर्थ लावून दाखवणारा ग्रंथ अकबराच्या सभेत वाचला. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना दोन अर्थांच्या वाक्याचं काय मोठं, असं मी एकदा आक्काला म्हटलं. तिनं मान हलवली नाही. म्हणाली, "फरक आहे गं. द्विसंधानात दोन्ही गोष्टी ठेवायच्या असतात. यात वरची गोष्ट उत्तर मिळालं की टाकून द्यायची. मांजर बिंजर काही नसतंय, कावळा तेवढा खरा."

हे ऐकून मी तसंच करत आले. वरचं वाक्य म्हणजे साल; सोलायचं आणि टाकायचं.

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात, पापड वाळत घालून आम्ही दोघी जिन्यात बसलो होतो. ती म्हणाली, एक केलाय, बघ सुटतो का. पेपरच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला:

'मारामध्ये हे लेकीचं घर (3)'.

मला अर्धं मिनिट लागलं नाही. 'मार'च्या मध्ये 'हे' घातलं. मा-हे-र. अर्थ शेवटी, कृती आधी, एक शब्द जादा नाही. झिमेनेससुद्धा नाव ठेवणार नाही, असं आज म्हणेन. तेव्हा नुसतं "माहेर!" म्हणून ओरडले आणि तिच्या हातातून पेन्सिल घेऊन त्यावर बरोबरची खूण केली. आक्का म्हणाली, "शाब्बास," आणि पापड उलटायला वर गेली.